जागा एकच, रांग मोठी : इंग्लंडमधल्या गोलरक्षकांबद्दल वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये गोलरक्षकाची कारकीर्द कशी घडते, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि क्रीडा विभागाने दिलेली उत्तरं इथे छापत आहोत. उत्तरांत पातळ्यांचा उल्लेख वारंवार येईल, म्हणून त्यांची ओळख आधी करून देतो. सर्वांत वर २० संघांची प्रीमियर लीग. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ संघांच्या. त्याखाली पाचव्या पातळीवर नॅशनल लीग. दर मोसमाअखेर तळाचे संघ एक पायरी उतरतात आणि वरचे चढतात.

प्रश्न : मोठ्या क्लबांत तिसरा गोलरक्षक वर्षानुवर्षं एकही सामना खेळत नाही. मग त्याला पगार देऊन कशासाठी ठेवतात? आणि तो तरी का राहतो? (एक वाचक, नाशिक)

त्याची गरज कधी पडते, हे १४ ऑक्टोबर २००६ च्या सामन्यात दिसलं. चेल्सीचा संघ रेडिंगच्या मैदानावर खेळत होता. पहिल्याच मिनिटात चेल्सीचा गोलरक्षक पीटर चेकच्या डोक्यावर प्रतिस्पर्ध्याचा गुडघा आदळला आणि त्याच्या कवटीला फ्रॅक्चर झालं. त्याच्या जागी कार्लो कुदिचिनी आला. शेवटच्या मिनिटांत हवेत झालेल्या टकरीत तोही बेशुद्ध पडला. राखीव खेळाडूंत तिसरा गोलरक्षक नव्हता. मग कर्णधार जॉन टेरीने, म्हणजे बचावपटूने, गोलरक्षकाची जर्सी चढवली आणि उरलेला वेळ काढला. चेल्सीने तो सामना १-० असा जिंकला. चारच दिवसांनी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, समोर बार्सिलोना होती आणि गोलमध्ये उभा राहिला तिसरा गोलरक्षक इलारियो. त्याने एकही गोल होऊ दिला नाही.

दुसरं कारण नियमांत आहे. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत ‘स्थानिक घडणीचे’ नसलेले खेळाडू जास्तीत जास्त १७ ठेवता येतात. २१ व्या वर्षापर्यंत तीन मोसम इंग्लंड किंवा वेल्समधल्या क्लबमध्ये नोंदणी झालेला खेळाडू स्थानिक घडणीचा धरतात. पैशाच्या जोरावर परदेशी खेळाडू आणणाऱ्या क्लबला ही उरलेली जागा भरायला अनुभवी इंग्लिश गोलरक्षक सोयीचा पडतो. चेल्सीत रॉब ग्रीन आणि मँचेस्टर युनायटेडमध्ये ली ग्रँट व टॉम हीटन याच सोयीत बसणारे.

तिसरं कारण सरावाचं. दोन टोकांना गोल लावून शॉटचा सराव करायचा, त्याच वेळी एका बाजूला क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर मारलेले चेंडू, झेलण्याचा सराव चालवायचा, तर तीन चांगले गोलरक्षक लागतातच. पहिल्या गोलरक्षकाला सामन्याच्या आदल्या दिवशी शंभर झेपा घ्यायला लावता येत नाहीत. तो भार तिसरा उचलतो.

स्कॉट कार्सन २०१९ मध्ये डर्बीहून मँचेस्टर सिटीत आला आणि २०२५ पर्यंत राहिला. इतक्या वर्षांत तो सिटीसाठी दोन सामने खेळला. त्यांतला पहिला १४ मे २०२१ चा, न्यूकॅसलविरुद्ध. प्रीमियर लीगमधला त्याचा आधीचा सामना होऊन जवळपास १० वर्षं लोटली होती. त्या दिवशी त्याने जो विलॉकची पेनल्टी अडवली, पण परत आलेल्या चेंडूवर विलॉकनेच गोल केला. ३५ व्या वर्षी, इतक्या खंडानंतर, पेनल्टीपर्यंत हात पोचणं हे रोजच्या सरावाचं फळ. आमच्या मते कारकिर्दीच्या उत्तरार्धात ही जागा सन्मानाची आहे. विशीतल्या मुलाने मात्र ती घेऊ नये. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : तरुण गोलरक्षकांना ‘लोन’वर खालच्या पातळीवर पाठवतात. मोठ्या क्लबच्या सोयी सोडून चौथ्या-पाचव्या पातळीवर खेळून काय मिळतं? (एक वाचक, कोल्हापूर)

सामने मिळतात. गोलरक्षकाच्या बाबतीत त्याला पर्याय नाही. आघाडीच्या खेळाडूला शेवटची १५ मिनिटं उतरवून अनुभव देता येतो, गोलरक्षक सहसा असा बदलत नाहीत. पहिला तंदुरुस्त असेपर्यंत दुसरा बसून राहतो. म्हणून लोन, म्हणजे नोंदणी मूळ क्लबकडे ठेवून ठराविक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबकडून खेळणं, हीच त्याची खरी शाळा.

इंग्लंडचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्डचा प्रवास पाहा. संडरलँडचा मुलगा. २०१२ मध्ये तो डार्लिंग्टनला गेला, मग आल्फ्रेटन टाउनला. हे दोन्ही क्लब पाचव्या पातळीवरचे. नंतर लीग टूमधला बर्टन अल्बियन, लीग वनमधले कार्लाइल युनायटेड आणि ब्रॅडफर्ड सिटी, मग चॅम्पियनशिपमधला प्रेस्टन. जिन्याची एकही पायरी गाळलेली नाही. २०१६ च्या जानेवारीत तो प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तेव्हा जुन्या-जाणत्या खेळाडूंसमोर शंभरावर सामने त्याच्या गाठीशी होते. डेव्हिड राया बार्सिलोना शहराजवळच्या कोर्नेया या छोट्या क्लबमधून १६ व्या वर्षी ब्लॅकबर्नच्या अकादमीत आला, २०१४ मध्ये पाचव्या पातळीवरच्या साउथपोर्टकडून खेळला आणि ब्लॅकबर्न लीग वनमध्ये घसरल्यावर त्याच संघाचा पहिला गोलरक्षक म्हणून त्यांना वर घेऊन आला. पुढे ब्रेंटफर्ड, मग आर्सेनल. २०२३-२४ मध्ये १६ सामन्यांत गोल न स्वीकारता त्याने प्रीमियर लीगचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे असे सर्वाधिक सामने खेळणाऱ्या गोलरक्षकाचा पुरस्कार, मिळवला.

अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझची गोष्ट धीराची. २०१० मध्ये आर्सेनलने त्याला आणलं आणि दहा वर्षांत ऑक्सफर्ड, शेफील्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्हज, स्पेनमधला हेताफे आणि रेडिंग अशा सहा ठिकाणी पाठवलं. जून २०२० मध्ये आर्सेनलचा पहिला गोलरक्षक लेनो जखमी झाला, मार्टिनेझ उतरला, त्याने एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली आणि सप्टेंबरमध्ये तो ॲस्टन व्हिलात गेला. २०२२ च्या अखेरीस त्याच्या हातात विश्वचषक होता.

खालच्या पातळीवर काय शिकायला मिळतं, ते नेमकं सांगतो. २१ वर्षांखालच्या स्पर्धेत चेंडू जमिनीवर खेळला जातो, अंगावर कोणी येत नाही आणि प्रेक्षक थोडे. लीग टूमध्ये सहा यार्डांच्या चौकटीत लांब थ्रो पडतो, कॉर्नरला दोन आडदांड खेळाडू गोलरक्षकाला खेटून उभे राहतात, आणि गोलमागचा प्रेक्षक इतका जवळ असतो की त्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो. समोरच्या बचावपटूच्या घराचा हप्ता संघाच्या बढतीच्या बोनसवर अवलंबून असतो. त्यामुळे १९ वर्षांच्या पोराने ‘माझा!’ असं ओरडून चेंडू सोडला, तर त्याला तिथल्या तिथे सुनावलं जातं. आवाज देणं, वेळेत निर्णय घेणं आणि चूक झाल्यावर पुढच्या मिनिटाला पुन्हा बाहेर येणं, हे तिथे शिकतात.

लोन फसतो कुठे? बहुतेकदा मुलाची चूक नसते. त्याला आणणाऱ्या व्यवस्थापकाची नोकरी जाते आणि नवा माणूस स्वतःच्या ओळखीचा गोलरक्षक आणतो. मग हा राखीव जागेवर बसतो आणि दोन्हीकडचा सराव बुडतो. म्हणून करार करताना मूळ क्लबला त्याला परत बोलावता येईल का आणि कधी, हे कलम आधी वाचावं. दुसरी अडचण उशिराची. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी पोचलेल्या गोलरक्षकाला समोरच्या चार बचावपटूंची सवय व्हायला महिना जातो, आणि तेवढ्यात संघ तीन सामने हरलेला असतो. तिसरी शैलीची : पायाने खेळ रचण्यात वाढलेला मुलगा सारखा लांब चेंडू मारणाऱ्या संघात गेला, तर त्याची ताकद पडून राहते. क्लबच्या नावापेक्षा तिथला गोलरक्षक प्रशिक्षक कोण आणि सामने किती मिळणार, हे विचारून जाणारे पुढे जातात.

आणीबाणीचा लोन हा वेगळा प्रकार. क्लबकडे खेळण्याजोगा गोलरक्षकच उरला नाही, तर खरेदी-विक्रीची मुदत संपल्यानंतरही सात दिवसांसाठी बाहेरून गोलरक्षक घेता येतो आणि गरज राहिली तर मुदत वाढवता येते. मुदतीनंतर खास परवानगीने आलेल्या पाहुण्याची सर्वांत गाजलेली गोष्ट ८ मे १९९९ ची. कार्लाइल युनायटेडने स्विंडनकडून जिमी ग्लास याला मोसमाच्या शेवटच्या तीन सामन्यांपुरतं मागून घेतलं होतं. शेवटच्या सामन्यात प्लिमथशी १-१ अशी बरोबरी होती आणि न जिंकता सामना संपला असता तर कार्लाइल व्यावसायिक लीगमधूनच बाहेर. वाढीव वेळेत कॉर्नर मिळाला. ग्लास स्वतःचा गोल सोडून पूर्ण मैदान पळत गेला. हेडर समोरच्या गोलरक्षकाने परतवला, चेंडू ग्लासच्या पायाशी आला आणि त्याने तो जाळ्यात मारला. कार्लाइल वाचला, स्कार्बरो खाली गेला. तरीही ग्लासला पुढे मोठा करार मिळाला नाही आणि काही वर्षांनी तो टॅक्सी चालवू लागला. एका गोलाने शहर वाचतं, पण गोलरक्षकाला काम मिळतं ते मोसमामागून मोसम खेळलेल्या सामन्यांवर.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. तालमीच्या संघाच्या लहान गटात गोलकीपर आहे. इंग्लंडच्या क्लबमध्ये चाचणी मिळवून देतो म्हणून एकाने पैसे मागितले आहेत. काय करावं? (एक पालक, कोल्हापूर)

पैसे देऊ नका. क्लबला हवा असलेला खेळाडू चाचणीसाठी शुल्क भरत नाही.

नियमही समजून घ्या, म्हणजे पुढे कोणी आलं तरी त्याला तुम्हीच उत्तर देऊ शकाल. १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करायला फिफाची बंदी आहे. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले असतील तर. युरोपीय संघातल्या मुलांसाठी पूर्वी १६ व्या वर्षाची सवलत होती आणि राया त्याच सवलतीने आला. ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ पासून, इंग्लंडच्या क्लबांना तीही राहिली नाही.

१८ पूर्ण झाल्यावर कामाचा परवाना लागतो आणि त्यासाठी फुटबॉल संघटनेची मान्यता. ती गुणांवर मिळते. राष्ट्रीय संघाकडून किती खेळला आणि त्या देशाचं फिफा क्रमवारीतलं स्थान काय, क्लब कोणत्या दर्जाच्या लीगमध्ये खेळतो, किती मिनिटं खेळला, असं सगळं मोजून १५ गुण भरावे लागतात. भारताचं स्थान शंभराच्या बाहेर असल्याने आपल्या खेळाडूचे गुण तिथेच अडतात. २०२३ पासून गुण न भरणाऱ्या काही खेळाडूंसाठी सवलतीच्या जागा आहेत, प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपमधल्या क्लबला जास्तीत जास्त चार आणि त्याखाली दोन. पण त्या जागांवर जगभरातल्या गुणी मुलांचा डोळा असतो. २००९ मध्ये सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला होता, तरी भारत क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नव्हता म्हणून परवाना नाकारला गेला. त्याआधी १९९९ मध्ये बायचुंग भुतिया बरीकडून खेळला होता, म्हणजे दार पूर्ण बंद कधीच नव्हतं. अरुंद मात्र आहे.

‘शिकायला जाऊन तिकडे खेळेन’ असंही काही मुलं ठरवतात. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही आणि ब्रिटिश नियमांतली ‘व्यावसायिक’ची व्याख्या रुंद आहे : निमव्यावसायिक संघाकडून बिनपगारी खेळणंही तीत बसू शकतं. विद्यापीठाच्या संघाकडून विद्यापीठांच्या स्पर्धा खेळता येतात. आपली गोलरक्षक अदिती चौहान लाफबरोला शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात पोचली. तो संघ तेव्हा तिसऱ्या पातळीवर होता. प्रत्येकाने आपला व्हिसा काय परवानगी देतो, हे खेळण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

मुलासाठी आजचा खरा रस्ता इथलाच आहे : जिल्हा आणि राज्याच्या वयोगट स्पर्धा, नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशनची अकादमी किंवा इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) क्लबांच्या अकादमी. त्यातही ज्या संघात तो राखीव न राहता दर आठवड्याला गोलमध्ये उभा राहील, तो संघ निवडा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर हजारो लोकांसमोर तालीम संघांचा सामना खेळण्याची सवय ही मोठी शिदोरी आहे. ती सवय अनेक अकादमींतल्या मुलांना मिळत नाही.

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. मुलगा ११ वर्षांचा, स्थानिक क्लबमध्ये गोलकीपर. उंचीने सरासरी आहे. अकादमीत निवड झाली नाही तर संपलं का? (एक आई, लेस्टर)

अजिबात नाही, आणि गोलरक्षकाच्या बाबतीत तर मुळीच नाही. निक पोपला इप्सविचने १६ व्या वर्षी सोडून दिलं होतं. तो बरी टाउन या छोट्या क्लबकडून खेळत कॉलेज शिकला, २०११ मध्ये चार्ल्टनने त्याला घेतलं, मग पाच-सहा ठिकाणी लोन, २०१६ मध्ये बर्नली आणि २०१८ मध्ये इंग्लंडचा संघ. गोलरक्षक उशिरा पिकतो. शरीर उशिरा भरतं आणि खेळ वाचण्याची नजर सामन्यांनी येते.

अकादमीत नोंदणी नऊ वर्षांखालच्या गटापासून होते, १६ व्या वर्षी दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते आणि १७ पूर्ण झाल्यावर व्यावसायिक करार करता येतो. प्रत्येक टप्प्यावर मुलं गळतात. तुमच्या मुलाच्या वयात एक खास खड्डा येतो, तो आधीच ओळखून ठेवा. नऊ जणांच्या खेळात गोल १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतो, पूर्ण मैदानावर तो २४ बाय ८ फूट होतो. मुलगा तितक्या वेगाने वाढत नाही. मग डोक्यावरून गोल होऊ लागतात, पालक चिडतात आणि चांगला गोलकीपर १३-१४ व्या वर्षी खेळ सोडतो. त्या दोन वर्षांत गोल किती झाले ते मोजू नका. चेंडू मारला जातो त्या क्षणी त्याचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर आहेत का, चेंडू पोटाशी घेतो का, बचावपटूंना नावाने हाक मारतो का, एवढं पाहा.

उंचीचं म्हणाल तर रायाची उंची १.८३ मीटर आणि पिकफर्डची १.८५. गोलरक्षकांत ही कमीच धरतात. दोघेही पायांच्या वेगावर आणि उडीवर भरून काढतात. अकादमीबाहेरच्या काळात मुलाला थोडं बचावफळीतही खेळू द्या, आजच्या गोलरक्षकाला दोन्ही पायांनी पास देता यायलाच हवा. आणि एक गोष्ट पालकांना उशिरा कळते : ब्रिटिश पारपत्र असलेला मुलगा भारताकडून खेळू शकत नाही, त्यासाठी भारतीय नागरिकत्व लागतं.

प्रश्न : समोरून एकटा खेळाडू चेंडू घेऊन आला तर गोलकीपरने किती पुढे यावं? आमच्या मैदानावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. (एक प्रशिक्षक, मडगाव)

हे भूमितीने समजावून द्या, मुलं विसरत नाहीत. गोल ७.३२ मीटर रुंद. चेंडू समोर, पेनल्टीच्या ठिपक्यावर, म्हणजे ११ मीटरवर. चेंडूपासून दोन्ही खांबांना दोन दोऱ्या लावा. गोलरक्षक रेषेवर उभा असेल तर त्याला पूर्ण ७.३२ मीटर झाकायचे आहेत. तो ५.५ मीटर पुढे, म्हणजे बरोबर अर्ध्यात, आला की दोऱ्यांमधलं अंतर निम्मं, ३.६६ मीटर. दोन्ही हात पसरून एका झेपेत तेवढं झाकता येतं. हाच प्रयोग २० मीटरवरच्या चेंडूसाठी करा : चार मीटर पुढे आलं तरी रुंदी सुमारे ५.८५ मीटर उरते, म्हणजे फायदा थोडा आणि डोक्यावरून चेंडू जाण्याचा धोका मोठा. त्यामुळे लांबच्या शॉटला फार पुढे येऊ नये.

पुढे यायचं कधी? समोरच्याचा चेंडू पायापासून सुटतो, दोन पावलं पुढे पळतो, ते अंतर आपलं. त्या क्षणी धावायचं. तो पुन्हा चेंडूला पाय लावायला आला की थांबायचं, पाय खांद्याइतके, वजन पंजांवर, हात कमरेखाली. बहुतेक गोल होतात ते धावत असताना शॉट बसल्यामुळे. एक पाय हवेत असताना बाजूला झेप घेता येत नाही आणि चेंडू पायांच्या मधून जातो. तीन मीटरच्या आत आलात की झेप विसरा : एक गुडघा जमिनीकडे, दुसरा पाय बाहेर, छाती सरळ, हात पायांच्या कडेने खाली. हल्ली इंग्लंडमध्ये जवळच्या शॉटला असंच अडवतात. मुलं त्यात एक चूक हमखास करतात, तोंड फिरवतात. चेहरा वळला की खांदा वळतो आणि गोलची अर्धी बाजू उघडी पडते.

पेनल्टीला वेगळं गणित. ताशी १०० किलोमीटरने मारलेला चेंडू ११ मीटर ०.४ सेकंदात कापतो. पाहून झेपायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून अंदाज आधी बांधावा लागतो. २०२४ च्या युरो स्पर्धेत स्वित्झर्लंडविरुद्ध पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर प्रत्येक खेळाडूची नेहमीची बाजू लिहिलेली होती. स्वित्झर्लंडच्या अकांजीच्या नावापुढे डावीकडे झेप घ्यायची, असं होतं. त्याने तशी घेतली आणि पेनल्टी अडवली. चेंडू मारला जाताना एका पायाचा काही भाग तरी गोलरेषेवर, तिच्या वर किंवा मागे हवा, नाहीतर अडवलेली पेनल्टी पुन्हा घ्यावी लागते.

प्रश्न : टीव्हीवर दिसतात तसे ग्लोव्हज घेतले, पण दोन महिन्यांत तळवा फाटला. (एक वाचक, सोलापूर)

सामन्याच्या ग्लोव्हजचा तळवा मऊ लेटेक्सचा असतो, साधारण ४ मिलिमीटर. तो ओलसर हिरवळीसाठी बनवलेला आहे. मुरमाड मैदानावर तो खरवडला जातोच. व्यावसायिक खेळाडू सामन्याची आणि सरावाची जोडी वेगळी ठेवतात. तुम्हीही सरावासाठी जाड, कमी चिकट लेटेक्सची जोडी घ्या. मापासाठी बोटांच्या सांध्यांखाली तळहाताचा घेर इंचांत मोजा, पुढचा पूर्ण आकडा धरा आणि त्यात एक मिळवा. घट्ट ग्लोव्हजचे शिवण बोटांच्या टोकाशी आधी उसवतात. वापरण्याआधी तळवा पाण्याने ओला करून जास्तीचं झटकून टाका, कोरड्या लेटेक्सला पकड येत नाही. नंतर कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका आणि सावलीत वाळवा. सोलापूरच्या उन्हात एक दुपार ठेवलेलं लेटेक्स कडक होऊन तडकतं. पडून उठताना तळवा जमिनीला टेकवायची सवय मोडा, मुठीवर उठा. निम्मी झीज त्यानेच वाचते.

प्रश्न : चेंडू हातात धरून ठेवण्याचा नियम बदलला म्हणतात, तो काय? (एक वाचक, ठाणे)

पूर्वी सहा सेकंदांची मर्यादा होती आणि शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची. पंच ती क्वचितच देत. २०२५-२६ च्या मोसमापासून मर्यादा आठ सेकंदांची झाली आणि शिक्षा कॉर्नरची. चेंडूवर पूर्ण ताबा आल्यापासून मोजणी सुरू होते आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी दाखवतात. आघाडीवर असलेला गोलरक्षक झेल घेऊन पोटावर आडवा पडून राहायचा, ती सवय आता महाग पडते. झेल घेताच उठणं आणि कुठे द्यायचं ते आधीच पाहून ठेवणं भाग आहे.

प्रश्न : गोलकीपर चाळिशीपर्यंत खेळतात, हे सगळ्यांनाच जमतं का? नंतर ते काय करतात? (एक वाचक, पुणे)

वरची उदाहरणं भुरळ घालतात. पीटर शिल्टनने इंग्लिश लीगचे १,००५ सामने खेळले, हजारावा डिसेंबर १९९६ मध्ये, ४७ व्या वर्षी, लेटन ओरिएंटकडून. ब्रॅड फ्रीडेल प्रीमियर लीगमध्ये सलग ३१० सामने खेळला. जॉन बरिज ४३ व्या वर्षी त्या लीगमध्ये उतरला. पण शिल्टन आणि बरिज यांना विशीतच नियमित सामने मिळत गेले होते.

बाकीच्यांचं वर्ष ३० जूनभोवती फिरतं, कारण करार त्या दिवशी संपतात. मे महिन्यात क्लब ठेवायच्या आणि सोडायच्या खेळाडूंची यादी जाहीर करतो. लीग टूमधला तिशीतला गोलरक्षक बऱ्याचदा एकेका वर्षाच्या करारावर असतो. करारात मूळ पगाराशिवाय खेळलेल्या सामन्यांचा आणि गोल न स्वीकारल्याचा बोनस असू शकतो, त्यामुळे राखीव बसलं की कमाई घटते. शरीरात आधी कुरकुरतात ते खांदे, खुबे आणि बोटं. वाकडी बोटं तर जवळजवळ सगळ्यांचीच.

नंतरची तयारी तिशीतच सुरू करावी लागते. खेळत असतानाच गोलरक्षक प्रशिक्षणाचा परवाना घेणारे लवकर कामाला लागतात, कारण अकादमीपासून वरच्या संघापर्यंत प्रत्येक क्लबला गोलरक्षक प्रशिक्षक लागतोच. खेळाडूंची संघटना, १९०७ साली स्थापन झालेली पीएफए, शिक्षणाला आर्थिक मदत करते, आणि ती मागण्यासाठी निवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. काही जण परदेशात संधी शोधतात. प्रीमियर लीगमध्ये ५७२ सामने खेळलेला डेव्हिड जेम्स २०१४ मध्ये खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही नात्यांनी आयएसएलमधल्या केरला ब्लास्टर्सकडे आला आणि ४४ व्या वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. तो सामना नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. कोलकात्याने तो १-० असा जिंकला.